गृहीत धरलेलं विश्व

अंगारकी चतुर्थीला जालना जिल्ह्यातल्या राजूरच्या गणपतीला भाविकांची रीघ लागते. उपवास सुटतो तो चंद्रोदयानंतर, आणि चंद्रोदयाची वेळ पंचांगात कितीतरी आधीच छापलेली असते. चंद्र काल ज्या नियमाने फिरला त्याच नियमाने उद्याही फिरेल, एवढं त्यात धरलेलं असतं. यावर कुणी वाद घालत नाही, कारण चंद्र दर महिन्याला साक्षीला उभा राहतो.

अख्ख्या विश्वाचं गणित मांडताना ही सोय नाही. विश्व एकच, ताडून पाहायला दुसरं नाही, आणि आहे तेही आतूनच, एका कोपऱ्यातून पाहायचं. म्हणून शास्त्रज्ञ आधी एक गोष्ट मान्य करून टाकतात : पुरेशा मोठ्या पल्ल्यावर विश्व सगळीकडे सारखंच आहे, आपली जागा काही खास नाही. महास्फोटाचा सिद्धांतही याच पायावर उभा आहे.

१९४८ मध्ये हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड एक पाऊल पुढे गेले. जागा खास नाही, तर काळ तरी खास का मानायचा? विश्व आज जसं दिसतं तसंच ते सदैव होतं आणि राहील, हाच स्थिर विश्वाचा सिद्धांत. फ्रेड हॉइल त्याच वर्षी वेगळ्या वाटेने, समीकरणांतून, तिथेच पोहोचले. पण दीर्घिका तर एकमेकींपासून दूर जाताहेत. मग विश्व विरळ होऊ नये म्हणून नवं द्रव्य जन्मायलाच हवं. हिशेब निघाला तो घनमीटरमागे अब्ज वर्षांत साधारण एक हायड्रोजन अणू इतका. प्रयोगशाळेत हे पकडणं अशक्यच!

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला हॉइल यांचे विद्यार्थी झाले, ते महास्फोट की स्थिर विश्व या वादाच्या ऐन भरात. रेडिओखगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांना दूरचे, म्हणजे जुन्या काळातले, मंद रेडिओस्रोत अपेक्षेपेक्षा जास्त सापडले होते. विश्व तेव्हा वेगळं होतं, असा त्यांचा दावा. स्रोतांचे मोठे पुंजके असतील तर हीच मोजणी स्थिर विश्वातही बसते, असं हॉइल-नारळीकरांनी १९६१ मध्ये दाखवलं.

१९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशभर पसरलेलं मंद सूक्ष्मलहरी प्रारण सापडलं. ती महास्फोटाची उरलेली ऊब मानली गेली आणि बहुतेकांचं मत महास्फोटाकडे फिरलं. नारळीकरांचं नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित प्रतिमान मांडलं. त्यात विश्व आकुंचन-प्रसरण पावत राहतं, आणि ते प्रारण म्हणजे लोहाच्या सुईसारख्या कणांनी शोषून पुन्हा सोडलेला ताऱ्यांचा प्रकाश. हे फारसं कुणी स्वीकारलं नाही. काहींना तो हट्ट वाटला. मात्र मूळ स्थिर विश्वाने आपलं गृहीतक इतकं उघड मांडलं होतं, की ते खोडता आलं; ही त्याची कमजोरी नव्हे, थोरवीच. आजच्या सर्वमान्य प्रतिमानात अदृश्य द्रव्य आणि अदृश्य ऊर्जा यांचा वाटा सुमारे ९५ टक्के आहे, आणि त्यांचं मूळ स्वरूप अजून उलगडलेलं नाही. नारळीकर त्यावर अखेरपर्यंत बोट ठेवत राहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

सगळीकडे सारखंच, हे पहिलं गृहीतकही आता तपासलं जातंय. २०२१ मध्ये तेरा लाखांहून अधिक क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांचे तेजस्वी गाभे, मोजणाऱ्या एका गटाला आकाशाच्या एका बाजूला त्यांची गर्दी जास्त आढळली. आपल्या गतीमुळे जेवढा फरक दिसायला हवा, त्याच्या दुपटीहून अधिक. हा मोजणीतला दोष की विश्वाचाच कल, यावर खगोलशास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.