थंडीत लोकोचे इंजिन बंद का करत नाहीत?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शिकागोच्या पश्चिमेस साधारण सव्वाशे किलोमीटरवर, रोशेल नावाचे एक लहानसे गाव आहे. युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ या दोन बलाढ्य रेल्वे कंपन्यांचे दुहेरी लोहमार्ग या गावात एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात. त्या छेदाला लागूनच गावाने खास रेल्वेप्रेमींसाठी एक उद्यान उभारले आहे. छताखालच्या उंच ओट्यावर उभे राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालगाड्या पाहाव्यात, एवढ्यासाठी माणसे शेकडो मैलांवरून तेथे येतात. जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांवर उतरला, तरी हा ओघ पूर्णपणे थांबत नाही.

कडाक्याच्या थंडीत रेल्वे न्याहाळणाऱ्याला एक गोष्ट हमखास जाणवते. यार्डात वा बाजूच्या मार्गावर उभ्या असलेल्या डिझेल लोकोमध्ये चालक नसतो, तिला गाडी जोडलेली नसते, तास दोन तासांत ती कोठे जाणार असते असेही नाही. तरीही तिची घरघर अखंड चालू असते आणि छतावरून धुराची पातळ रेघ वर जात असते. नवख्याला ही सरळ सरळ इंधनाची उधळपट्टी वाटते. जाणकार रेल्वेप्रेमी मात्र त्या घरघरीमागचे कारण जाणतो. ते कारण म्हणजे पाणी.

पोटातले हजार लिटर पाणी

आपण बोलताना सबंध वाहनालाच ‘इंजिन’ म्हणतो. रेल्वेच्या परिभाषेत ते वाहन म्हणजे लोको, आणि तिच्या पोटात बसवलेले डिझेलवर चालणारे यंत्र म्हणजे इंजिन. हे इंजिन चाके थेट फिरवत नाही. ते विद्युतजनित्र फिरवते आणि त्यातून निघालेली वीज आसांवरच्या मोटारींना पुरवली जाते. तीन-चार हजार अश्वशक्तीचे हे धूड जळत्या इंधनाने विलक्षण तापते. त्याला निववण्यासाठी सिलिंडरांभोवती आणि छताजवळच्या रेडिएटरांमधून सतत पाणी खेळवावे लागते. अमेरिकेत हजारोंच्या संख्येने धावलेल्या एसडी-४० वर्गाच्या लोकोमध्ये हे पाणी सुमारे एक हजार लिटर असते.

पाणी गोठले की त्याचे आकारमान जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढते. बंद नळीत अडकलेल्या पाण्याला वाढण्यास जागा नसते. मग जागा करून द्यावी लागते ती धातूला. रेडिएटरच्या नळ्या फुटतात, तेल थंड करणारे उपकरण निकामी होते, सिलिंडरांच्या माथ्यांना तडे जातात. एका रात्रीच्या निष्काळजीपणामुळे लाखो डॉलर किमतीची लोको महिनोन्‌महिने कारखान्यात पडून राहू शकते. म्हणून जुना, सोपा आणि खात्रीचा उपाय एकच होता: इंजिन बंदच करायचे नाही. चालू इंजिन स्वतःच्या उष्णतेने स्वतःचे पाणी ऊबदार ठेवते.

मोटारीत चालते, लोकोत का नाही?

येथे एक स्वाभाविक प्रश्न उभा राहतो. थंड प्रदेशातल्या मोटारी आणि ट्रक रात्रभर बर्फात उभे असतात. त्यांच्या पाण्यात ग्लायकॉलयुक्त अँटिफ्रीझ मिसळलेले असते आणि त्यामुळे ते गोठत नाही. मग लोकोमध्ये तेच का वापरू नये?

पहिले कारण इंजिनाच्या रचनेत आहे. लोकोची मोठी इंजिने वर्षानुवर्षे चालतात आणि त्यांचे सिलिंडर एकेक करून बदलता यावेत अशी त्यांची जुळणी असते. पाण्याच्या वाटा अनेक रबरी कड्यांनी बंद केलेल्या असतात, आणि कालांतराने एखाद्या कडीतून थोडे पाणी खाली वंगणतेलात झिरपणे ही नित्याची बाब असते. साधे पाणी थोड्या प्रमाणात झिरपले, तर गरम तेलातून त्याचा बराच भाग वाफेच्या रूपाने निघून जातो. ग्लायकॉल तसा निघून जात नाही. तो तेलाचा चिकट गाळ करतो, बेअरिंगांवरचा तेलाचा थर तुटतो आणि पाहता पाहता इंजिनाचे हृदयच निकामी होते.

दुसरे कारण उष्णतेचे. उष्णता वाहून नेण्यात साध्या पाण्याची बरोबरी ग्लायकॉलचे मिश्रण करू शकत नाही. ते वापरायचे तर रेडिएटर मोठे हवेत, आणि लोकोच्या छतावर जागा मोजकीच असते. तिसरे कारण खर्चाचे आणि विषारीपणाचे. हजारो लोकोंमध्ये हजार-हजार लिटर मिश्रण भरणे महाग. ते सांडले तर माती आणि ओढे दूषित होणार. म्हणून बहुसंख्य अमेरिकी लोकोंमध्ये आजही पाणीच असते. त्यात गंज रोखणारी रसायने आणि गळती चटकन दिसावी म्हणून रंग तेवढा मिसळतात. ट्रकांच्या धर्तीची लहान, वेगवान इंजिने बसवलेल्या काही लोकोंमध्ये अँटिफ्रीझ वापरले जाते. पण तो अपवाद होय.

शेवटचा उपाय: पाणी सोडून देणे

चालू ठेवलेले इंजिनही कधी इंधन संपून, कधी बिघाडामुळे बंद पडते. बर्फाळ रात्री निर्जन ठिकाणी असे घडले, तर धावून जाण्यास कोणी नसते. यासाठी लोकोच्या पाण्याच्या वाटेवर सर्वांत खाली एक स्वयंचलित झडप बसवलेली असते. पाण्याचे तापमान गोठणबिंदूच्या जवळ आले की ही झडप आपोआप उघडते आणि सगळे पाणी जमिनीवर सोडून देते. पाणी गेले तरी चालेल, यंत्र वाचले पाहिजे, असा हा व्यवहार.

सकाळी यार्डाच्या कुंपणाबाहेर उभा असलेला रेल्वेप्रेमी निःशब्द लोकोखाली पसरलेला बर्फाचा रंगीत पापुद्रा पाहतो आणि रात्री काय घडले ते ओळखतो. अशी लोको लगेच सुरू करता येत नाही. ती ऊबदार शेडमध्ये न्यावी लागते, सांधे आणि नळ्या तपासाव्या लागतात, पुन्हा पाणी भरावे लागते. शिवाय थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि वंगणतेल काकवीसारखे दाट होते. थिजलेल्या तेलात जड दट्टे फिरवणे दुबळ्या बॅटरीला झेपत नाही. इंजिन बंद न करण्यामागचे हे दुसरे व्यावहारिक कारण.

घरघरीची किंमत

पूर्ण जोरात मिनिटाला सुमारे ९०० फेरे घेणारे इंजिन रिकामे चालताना दोनशे ते तीनशे फेरे घेते. तरीही तासाला साधारण ११ ते १९ लिटर डिझेल जळते. मध्यम हिशेबाने तासाला १५ लिटर धरले, तरी एका लोकोचे चोवीस तासांत ३६० लिटर होतात. अशा पंचवीस-तीस लोको यार्डात उभ्या असतील, तर एक टँकर दिवसात संपतो, आणि त्यातून एक डबाही जागचा हलत नाही.

इंधन हा कंपनीचा प्रश्न झाला. धूर हा शेजाऱ्यांचा प्रश्न आहे. मोठी यार्डे बहुधा जुन्या शहरांच्या पोटात आहेत आणि त्यांच्या कुंपणाला कष्टकऱ्यांच्या वस्त्या लागून आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. रेल्वेप्रेमीला रम्य वाटणारी घरघर खिडकीशी रात्रभर ऐकणाऱ्याला रम्य वाटेलच असे नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये केलेल्या नियमांनी नव्या आणि पुनर्बांधणी केलेल्या लोकोंवर एक बंधन घातले. इंजिन रिकामे चालत असेल, तर जास्तीत जास्त ३० मिनिटांत ते आपोआप बंद व्हावे. मात्र पाणी गोठण्याचा धोका असेल, ब्रेकसाठी हवेचा दाब राखायचा असेल वा बॅटरी भरायची असेल, तर सूट देण्यात आली. कायद्यालाही थंडीपुढे दार किलकिले ठेवावे लागले.

यातून मार्ग काढला तो यंत्रांनीच. स्वयंचलित प्रणाली पाण्याचे तापमान, बॅटरी आणि हवेचा दाब यांवर लक्ष ठेवते. पाणी पुरेसे गरम असेल तोवर इंजिन बंद ठेवते, निवू लागले की पुन्हा सुरू करते. निर्मनुष्य लोकोमध्ये अचानक इशाऱ्याची घंटा वाजावी आणि क्षणभराने इंजिन खडखडून जागे व्हावे, हे दृश्य आता रेल्वेप्रेमींना परिचयाचे झाले आहे. काही लोकोंमध्ये एक छोटे साहाय्यक इंजिन असते. मोठे इंजिन झोपलेले असताना ते पाणी गरम करून फिरवत राहते. काही यार्डांत लोकोला विजेची तार जोडून पाणी तापवतात.

थंडीच्या इतर खुणा

पाण्याखेरीज डिझेललाही थंडी बाधते. त्यातील मेणासारखे घटक गोठून गाळण्या बुजवतात. म्हणून थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी वेगळे इंधन मिसळतात. आपल्याकडे लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले, ते याच अडचणीवरचे उत्तर होते.

ब्रेकच्या हवेचेही तसेच. डब्यांना जोडणाऱ्या रबरी नळ्या थंडीत कडक होतात, सांध्यांतून हवा निसटते आणि लांबलचक गाडीच्या शेपटापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. म्हणून पारा उणे २५ अंशांच्या खाली गेला की कॅनडातील रेल्वे कंपन्या गाड्यांची लांबी कमी करतात. डबे मोजण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाच्या हे लगेच ध्यानात येते.

३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोचे तापमान उणे ३० अंशांपर्यंत घसरले, तेव्हा ‘रूळ पेटवले’ अशी छायाचित्रे जगभर फिरली. प्रत्यक्षात रूळ पेटले नव्हते. मार्ग बदलण्याच्या जागी बर्फ साचून हलते रूळ अडकू नयेत, म्हणून त्यांच्या कडेने ज्वाला धगधगत ठेवण्याची ती नेहमीची व्यवस्था होती.

चालू इंजिन म्हणजे सुरक्षित गाडी नव्हे

इंजिन चालू ठेवल्याने ब्रेकसाठी हवाही मिळत राहते. मात्र एकट्या चालू इंजिनावर विसंबणे किती महागात पडते, याचा धडा भर उन्हाळ्यात मिळाला. ५ जुलै २०१३ च्या रात्री कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात कच्च्या तेलाचे ७२ टँकर असलेली गाडी नांत गावाजवळच्या उतारावर उभी करण्यात आली. पुढच्या लोकोचे इंजिन चालू होते. तिच्या धुराड्यात आग लागली, अग्निशामकांनी ती विझवली आणि रीतीप्रमाणे इंजिन बंद केले. इंजिन थांबले तशी हवा भरणे थांबले, दाब हळूहळू उतरत गेला, आणि लावलेले हातब्रेक गाडी धरून ठेवण्यास अपुरे ठरले. मध्यरात्रीनंतर ती निर्मनुष्य गाडी सुमारे साडेअकरा किलोमीटर उतार धावत जाऊन लाक-मेगांटिक गावाच्या मध्यभागी रुळांवरून घसरली आणि पेटली. ४७ माणसे मृत्युमुखी पडली. इंजिन पाणी गोठू देत नाही, हवा भरते, बॅटरी भरते. पण उतारावर गाडी रोखून धरण्याची जबाबदारी हातब्रेकचीच आहे आणि ते आवळणाऱ्या माणसाची.

कुळेंच्या फलाटावरून

गोव्याच्या वाचकाला हा सगळा परमुलखातला विषय वाटेल. परंतु इंजिनाचे गोत्र ओळखीचे आहे. १९९९ मध्ये अमेरिकेहून भारतात आलेली आणि पुढे वाराणसीत तयार होऊ लागलेली डब्ल्यूडीजी-४ ही चार हजार अश्वशक्तीची लोको त्याच घराण्यातली. मुरगाव बंदरातून कोळसा घेऊन ब्रागांझा घाटाचा ३७ ला एक हा चढ चढणाऱ्या मालगाड्यांना पुढून ओढताना आणि मागून रेटताना तिला कुळें ते कॅसलरॉक या टापूत असंख्य रेल्वेप्रेमींनी टिपले आहे. कुळेंचे पाणी कधी गोठत नाही. तरीही ब्रेकची हवा आणि बॅटरी यांसाठी येथेही लोको रिकाम्या चालू राहत आल्या, आणि इंधन वाचवण्यासाठी भारतीय रेल्वेनेही अनेक लोकोंवर साहाय्यक इंजिने बसवली.

कोकण रेल्वेचे संपूर्ण विद्युतीकरण २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. विजेच्या लोकोला ना हजार लिटर पाणी सांभाळायचे असते, ना रात्रभर जागायचे असते. त्यामुळे डिझेलची घरघर आपल्या भागात विरळ होत जाणार. जोवर ती कानी पडते, तोवर फलाटावर उभे राहून थोडे लक्ष देण्यासारखे आहे. उभी लोको का चालू आहे, किती वेळ चालू आहे आणि तिला धरून ठेवणारे ब्रेक कोणते, हे तीन प्रश्न कुळेंला जितके लागू आहेत, तितकेच रोशेलच्या गोठलेल्या यार्डालाही.