वकिलाची फी परवडत नाही? बीड जिल्ह्यात मोफत वकील मिळतो, आणि तो आपला हक्क आहे

"कोर्टाची पायरी चढलं की घर विकायची वेळ येते." हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात सगळ्यांनीच ऐकलंय. याच भीतीपोटी नवऱ्याने सोडलेली मुलगी माहेरी गप्प बसून राहते. वडिलांच्या जमिनीत हिस्सा न मिळालेली बहीण तोंड उघडत नाही. पोलिसांनी धरून नेलेल्या पोराचा बाप वकिलासाठी मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फेडायला अख्खं घर ऊसतोडीला जातं.

खरं तर यातल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याआधी, १९७९ मध्ये, बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की, गरीब आरोपीला मोफत वकील मिळणं हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे ही खैरात नाही.

कोणाला मिळतो?

महिला, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत असलेली व्यक्ती, यांना उत्पन्नाची अट नाही. औद्योगिक कामगार, तसेच दुष्काळ, महापूर, भूकंप किंवा जातीय हिंसेची झळ बसलेले लोकही यात येतात. बाकीच्यांचं वार्षिक उत्पन्न महाराष्ट्रात ३ लाख रुपयांच्या आत असावं लागतं. मुस्लिम किंवा ओबीसी म्हणून वेगळा निकष नाही. पण आपल्या माय-बहिणी मात्र थेट पात्र आहेत, माहेरची परिस्थिती कशीही असो.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा माराव्या लागतील म्हणून थांबू नका. कायद्यात उत्पन्नाबद्दलचं शपथपत्रही चालतं.

कुठे जायचं?

बीडला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीची चौकशी करा. साधा अर्ज, आधार कार्ड आणि प्रकरणाची असतील ती कागदपत्रं सोबत न्या. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, अर्ज लिहून घेतला जातो. घरबसल्या विचारायचं असेल तर १५१०० हा देशभराचा हेल्पलाइन नंबर आहे. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला हा खर्च प्राधिकरण करतं. नेमून दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी मागितलेच तर प्राधिकरणाकडे तक्रार करा.

तलाक आणि पोटगी

समजा, माजलगावच्या मुलीचं सासर सोलापूरला आहे आणि नवऱ्याने तिला सोडून दिलंय. तिला सोलापूरला खेटे घालायची गरज नाही. ती राहते तिथल्या न्यायालयातच पोटगीचा अर्ज करता येतो. पूर्वीचं कलम १२५ आता नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १४४ झालं आहे. तलाक झालेल्या मुस्लिम महिलेलाही या मार्गाने पोटगी मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी दिला. एका दमात दिलेला तीन तलाक तर २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आणि गुन्हा ठरवला आहे.

जमातीत किंवा दारुल कज़ात समजुतीने मिटलं तर अल्हमदुलिल्लाह. पण तिथला फैसला कायद्याने कोणावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. दिलेला शब्द नवऱ्याने पाळला नाही तर जमात वसुली करू शकत नाही. कोर्टाचा हुकूम असेल तर वसुली होते.

लोकअदालतीत सही करण्याआधी

लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही. म्हणून मेहर, इद्दतचा खर्च, मुलांचा खर्च, दिलेलं सामान, सगळं कागदावर आलंय का हे वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वकिलाकडून मोठ्याने वाचून घ्या. पटलं नाही तर सही करू नका. सक्ती कोणीच करू शकत नाही.

येत्या जुम्म्याला मस्जिदीच्या फलकावर १५१०० हा नंबर लिहायला सांगा. आणि घरी गेल्यावर तो आपल्या बायकांनाही सांगा, कारण या हक्काची सर्वात जास्त गरज त्यांनाच पडते.