‘काय मारू?’ या प्रश्नाआधीचे शिष्टाचार

कपाशीला बोंडे धरू लागली, की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास येतो. सोबत एक धूसर छायाचित्र असते आणि खाली दोनच शब्द : ‘काय मारू?’ काही वर्षांपूर्वी मी सल्लागार म्हणून असलेल्या एका गटात असाच प्रश्न रात्री उशिरा आला. विचारणारा तरुण शेतकरी त्याच दिवशी गटात दाखल झाला होता. छायाचित्रात कपाशीचे लालसर पान होते. अर्ध्या तासात तीन सदस्यांनी त्याला तीन कीटकनाशकांची नावे कळवली. मी मात्र एवढेच लिहिले : ‘आधी गटाचे नियम वाचा.’

त्यानंतर तो गटात काही बोलला नाही. पुढे त्याच्या गावच्या कृषी सहायकांकडून कळले, की त्याने तिन्ही औषधे एकाच पंपात मिसळून फवारली. पानांची लाली मात्र मॅग्नेशियमच्या कमतरतेमुळे आलेली होती. मी त्याला दूरध्वनी केला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘सर, नियम वाचले होते. पण विचारायचं कसं, ते त्यात नव्हतं.’

त्याचे म्हणणे रास्त होते. आपल्या गटांचे नियम बहुधा ‘हे करू नका’ एवढेच सांगतात. शुभेच्छा नकोत, जाहिराती नकोत, राजकारण नको. हे आवश्यकच आहे. परंतु नवागताला खरी गरज असते ती प्रश्न मांडण्याच्या रीतीची. कारण निदान प्रश्नातील माहितीवरच अवलंबून असते. तुडतुड्यांच्या प्रादुर्भावात पानांच्या कडा पिवळसर होऊन खाली वळतात, नंतर लाल पडतात, आणि पानाच्या मागे तिरकी चालणारी पिले दिसतात. मॅग्नेशियमची कमतरता असल्यास आधी खालची जुनी पाने शिरांच्या मध्ये लाल-जांभळी होतात. शिरा हिरव्या राहतात. पानाची केवळ वरची बाजू दाखवणाऱ्या धूसर छायाचित्रावरून हा भेद कोणालाही करता येत नाही.

म्हणून नवीन सदस्यांना पहिल्याच दिवशी पुढील चार गोष्टी सांगाव्यात.

१. गाव, तालुका, पीक, वाण, पेरणीची तारीख आणि ओलिताची सोय कळवावी.

२. दिवसाच्या उजेडात किमान तीन छायाचित्रे घ्यावीत : संपूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू आणि किडीचे जवळून घेतलेले चित्र. मक्यावरील अळी लष्करी अळी आहे का, हे डोक्यावरील उलट्या ‘वाय’ आकाराच्या खुणेवरून आणि शेवटून दुसऱ्या खंडावरील चौकोनात मांडलेल्या चार ठिपक्यांवरून ओळखता येते. दुरून काढलेल्या चित्रात या खुणा दिसत नाहीत.

३. प्रादुर्भाव शेतभर आहे की एका कोपऱ्यात, आणि आधी कोणती फवारणी व खते दिली, हे सांगावे. लिहिणे अवघड वाटल्यास ध्वनिसंदेश पाठवावा. त्यात कमीपणा नाही.

४. सल्ल्यानंतर काय झाले, हे आठवड्याने गटात कळवावे. त्यातूनच इतरांचे शिक्षण होते.

जुन्या सदस्यांचेही काही कर्तव्य आहे. निदान होण्यापूर्वी औषधाचे नाव सुचवू नये. स्वतःचा अनुभव आणि अधिकृत शिफारस यांतील फरक स्पष्ट लिहावा. आपल्याकडे कीटकनाशकाची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार होते आणि कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी व किती मात्रेत ते वापरावे, हे लेबलवर दिलेले असते. पुढे ढकललेल्या संदेशात यांपैकी काहीच नसेल, तर तो आणखी पुढे ढकलू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधांच्या मिश्रणाबाबत सहज दिलेला सल्ला किती महाग पडू शकतो, याचा विसर पडता कामा नये.

चूक दुरुस्त करण्याचीही एक रीत आहे. चुकीचा सल्ला गटातच दुरुस्त करावा, कारण तो सर्वांनी वाचलेला असतो. नवागताची शिष्टाचारातील चूक मात्र खासगी संदेशातून, नेमके काय करावे हे सांगून, लक्षात आणून द्यावी. चारचौघांत टोकलेला माणूस पुन्हा विचारत नाही. तो थेट दुकानाची पायरी चढतो.

आता आमच्या गटात नव्या सदस्याला नियमांसोबत एक नमुना प्रश्न पाठवला जातो आणि एक अनुभवी शेतकरी त्याला पहिला प्रश्न मांडण्यास मदत करतो. नमुन्यासाठी आम्ही त्या तरुणाचाच प्रश्न, त्याच्या संमतीने, नव्याने लिहून घेतला. विस्तार कार्यकर्त्यांनी आपापल्या गटांत असा एक नमुना या हंगामापूर्वी तयार करावा. ‘काय मारू?’ असे विचारणाऱ्याला ‘आधी काय झाले आहे, ते पाहू’ असे उत्तर मिळाले, की निम्मे काम झाले.