पोरीच त हायेत!

“पोरीच त हायेत, हारवून टाकू.” यवतमाळच्या कॉलेजांच्या मैदानांवर, पुसद-वणीकडच्या सिमेंटच्या कोर्टांवर हे वाक्य नेहमी कानावर पडतं. म्हणणारा मुलगा टवाळ असतोच असं नाही. बहुतेक वेळा तो चांगला, कष्टाळू, खेळावर प्रेम करणारा असतो. रोज संध्याकाळी तासभर बॉल आपटतो, कधी कधी त्याचा लेअप सुरेख पडतो, मित्र टाळ्या देतात. मग मोबाईलवर अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे व्यावसायिक महिला बास्केटबॉलचा, एखादा तुकडा दिसतो. त्यात डंक जवळपास नसतो, उड्या पुरुषांएवढ्या उंच नसतात. हे आपल्याला जमण्यासारखं आहे, असं त्याला मनापासून वाटतं. ‘आपण पाच जण उतरलो तर यांना सहज हरवू,’ या निष्कर्षापर्यंत तो दोन मिनिटांत पोचतो.

हा समज फक्त आपल्याकडचा नाही. २०१९ च्या जुलैमध्ये यूगव्ह या संस्थेने ब्रिटनमधल्या लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता : तुम्ही तुमचं सर्वोत्तम टेनिस खेळलात, तर सेरेना विल्यम्सकडून एक तरी गुण मिळवाल का? १२ टक्के पुरुष ‘हो’ म्हणाले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३ टक्के होतं. सेरेनाच्या नावावर तेव्हा एकेरीची २३ ग्रँडस्लॅम विजेतेपदं होती. दुहेरी चुकीमुळे एखादा गुण फुकट मिळू शकतो, हे मान्य. पण त्या आठातल्या एका पुरुषाच्या मनात सेरेनाची चूक नव्हती, स्वतःचा फटका होता.

आता या समजाच्या मुळाशी जे खरं आहे तेही नीट सांगायला हवं, नाहीतर मुलांशी बोलणंच खुंटतं. वयात येताना मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढतं. स्नायू, हाडं, हृदय, फुप्फुसं मोठी होतात. १०० मीटर धावण्याचा पुरुषांचा विक्रम उसेन बोल्टचा, ९.५८ सेकंदांचा, २००९ मधला. स्त्रियांचा फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचा, १०.४९ सेकंदांचा, १९८८ मधला. फरक साधारण साडेनऊ टक्क्यांचा आहे आणि तो मेहनतीने भरून निघणारा नाही. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या वेळी जागतिक क्रमवारीत दोनशेच्या पलीकडे असलेल्या कार्स्टेन ब्राश या जर्मन खेळाडूने किशोरवयीन सेरेनाला ६-१ आणि तिची बहीण व्हीनसला ६-२ असं हरवलं होतं. २०१७ मध्ये एफसी डलास या फुटबॉल क्लबच्या पंधरा वर्षांखालच्या मुलांनी अमेरिकेच्या महिला संघाला सराव सामन्यात ५-२ ने मागे टाकलं. वाद निघाला की मुलं हीच उदाहरणं पुढे करतात, आणि ती खोटी नाहीत.

पण ब्राश कोण होता? टेनिसवर पोट भरणारा, जगातल्या पहिल्या काहीशे पुरुषांपैकी एक. डलासची ती मुलं कोण होती? लहानपणापासून निवडून, घासून तयार केलेली क्लबची मुलं. अशा पुरुषांच्या कमाईची रक्कम आपला गडी स्वतःच्या खात्यावर जमा करून मोकळा होतो. वरच्या दर्जाच्या पुरुषाला वरच्या दर्जाच्या स्त्रीपेक्षा दहा टक्के जास्त मिळालेलं आहे, म्हणून संध्याकाळी तासभर खेळणाऱ्यालाही ते मिळालं, असा तो हिशेब. १२ सेकंदांत १०० मीटर धावणारा मुलगा आपल्या तालुक्यात नावाजला जातो. ग्रिफिथ-जॉयनर जेव्हा रेषा ओलांडते, तेव्हा तो मुलगा बारा-तेरा मीटर मागे असतो.

बास्केटबॉलमध्ये तर शरीराचा हिशेबही आपल्या बाजूने लागत नाही. भारतीय पुरुषाची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आसपास आहे. डब्ल्यूएनबीएतल्या खेळाडूंची सहा फुटांच्या आसपास. ब्रिटनी ग्राइनर सहा फूट नऊ इंच, एजा विल्सन सहा फूट चार इंच. आपल्याकडे छत्तीसगडकडून खेळलेली पूनम चतुर्वेदी साडेसहा फुटांहून उंच आहे. उंची आणि ताकदीच्या जोरावर जिंकू म्हणणाऱ्या पाच जणांपैकी कितींना मान वर न करता या बायकांच्या डोळ्यांत पाहता येईल?

तरी उंची बाजूला ठेवू. समजा, आपल्या जिल्ह्यातला चांगला खेळणारा मुलगा बॉल घेऊन व्यावसायिक खेळाडूसमोर उभा आहे. त्याची सगळी भिस्त पहिल्या झेपेवर. ती बॉलकडे पाहतच नाही, त्याच्या कमरेकडे पाहते, कारण खांदे आणि डोळे फसवू शकतात, कंबर फसवत नाही. ती किंचित तिरकी उभी राहते आणि उजवी वाट बंद करते. दोन ड्रिबलमध्ये त्याला कळतं की डावा हात आपण कधी कमावलाच नाही. तरीही तो जोर लावून तिच्या बाजूने निसटतो, आणि रिंगखाली दुसरी बाई आधीच पाय रोवून उभी असते. ती तिथे योगायोगाने आलेली नसते. तो निसटणार, कोणत्या बाजूने निसटणार, हे त्या दोघींनी मिळून ठरवलेलं असतं. तो उडी मारून तिच्यावर आदळतो, शिट्टी वाजते, फाऊल त्याचा.

आता बॉल तिच्या संघाकडे. एक खेळाडू येऊन त्याच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहते, याला स्क्रीन म्हणतात. आता बॉलवालीला कोण धरणार, तो की त्याचा मित्र? हे ओरडून सांगायची सवय नसलेल्या दोघांचा अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात पास कोपऱ्यात पोचलेला असतो आणि तिसरी खेळाडू मोकळी उभी असते. रेषेबाहेरून थेट तीन गुण. आपली मुलं बहुधा अर्ध्या कोर्टावर खेळतात. एक खेळी झाली की थांबतात, पाणी पितात, वाद घालतात. तिथे कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, २४ सेकंदांत बॉल टाकायचाच, आणि ४० मिनिटं घड्याळ चालतं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये फुप्फुसं साथ सोडतात आणि मग ताकदही उरत नाही. मोबाईलवरच्या तुकड्यात यातलं काहीच दिसत नाही. त्यात फक्त शेवटचा शॉट असतो आणि तो सोपा वाटतो, कारण आधीच्या सगळ्या कामाने तो सोपा केलेला असतो.

रिंग बायकांसाठी खाली आणलेली नसते, हेही अनेकांना ठाऊक नसतं. ती दोघांनाही ३.०५ मीटरवर असते. आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषाही एकच. फरक चेंडूचा : पुरुषांचा सात नंबर, बायकांचा थोडा लहान आणि हलका सहा नंबर. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी इंडियानापोलिसमध्ये डब्ल्यूएनबीएतली सब्रिना आयोनेस्कू आणि एनबीएतला स्टीफन करी यांच्यात तीन गुणांच्या शॉटची स्पर्धा झाली. सब्रिना स्वतःचा चेंडू घेऊन खेळली, पण उभी राहिली पुरुषांच्या एनबीएच्या रेषेवर, म्हणजे वरच्या कमानीत ७.२४ मीटरवर. करी जिंकला, २९ विरुद्ध २६. इतिहासातल्या सर्वोत्तम नेमबाजाकडून ती तीन गुणांनी हरली. त्याच संध्याकाळी पुरुषांची स्पर्धा डेमियन लिलार्डने जिंकली, तीही अंतिम फेरीत २६ गुण करूनच.

या सगळ्यात मला सर्वात आवडणारी माणसं म्हणजे सरावाला येणारे पुरुष. अमेरिकेत विद्यापीठांचे महिला संघ आणि डब्ल्यूएनबीएचे संघ सरावासाठी मुद्दाम मुलांना बोलावतात. शाळेत चांगलं खेळलेली, पण पुरुषांच्या मोठ्या संघात जागा न मिळालेली ही मुलं असतात. त्यांचा वेग आणि उडी जास्त म्हणूनच त्यांना बोलावतात. पुढच्या सामन्यातल्या प्रतिस्पर्धी बाईचा खेळ ती शिकून येतात आणि तिच्या जागी उभी राहतात. त्यांच्याविरुद्ध खेळून मुली तयार होतात. पुरुषाच्या शरीराला मिळालेल्या जास्तीच्या देणगीचा इतका शहाणा उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. या मुलांना दोन्ही गोष्टी ठाऊक असतात : आपण कशात पुढे आहोत आणि ती कशात.

आपल्या मातीत मात्र हा प्रश्न बास्केटबॉलच्या कितीतरी आधी, कुस्तीच्या आखाड्यात उभा राहिला होता. मिर्झापूरची हमीदा बानू अलीगढला सलाम पहिलवानांकडे कुस्ती शिकली. १९४४ मध्ये मुंबईत गूंगा पहिलवानाशी तिची कुस्ती बघायला वीस हजारांच्या आसपास लोक जमले होते. पहिलवानाने आयत्या वेळी माघार घेतली आणि चिडलेल्या लोकांनी मोडतोड केली. फेब्रुवारी १९५४ मध्ये तिने जाहीर आव्हान दिलं : जो मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन. त्यानंतर पतियाळाचा एक आणि कोलकात्याचा एक मल्ल तिच्याकडून हरले. मे महिन्यात ती बडोद्याला आली. तिथे छोटे गामा पहिलवानाने बाईशी लढणार नाही म्हणून अंग काढून घेतलं. मग बाबा पहिलवान उतरला. कुस्ती एक मिनिट चौतीस सेकंद चालली, आणि हमीदा जिंकली.

महाराष्ट्रात तिच्या वाट्याला जे आलं ते वाचताना वाईट वाटतं. कोल्हापुरात तिने सोमासिंग पंजाबीला हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली, दगड मारले. पोलिसांना यावं लागलं. कुस्ती म्हणजे काय हे ज्या शहराला कळतं, त्या शहरात हे घडलं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती तिथल्या कुस्ती संघटनेने हरकत घेतल्यामुळे रद्द झाली. तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. मोरारजींचं उत्तर असं की बंदी ती बाई आहे म्हणून नाही. आयोजक तिच्यासमोर नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून.

या शंकेत अजिबात तथ्य नसेल असं मी म्हणणार नाही. त्या काळात तिकीट लावून होणाऱ्या कुस्त्यांमध्ये ठरवाठरवी चाले, आणि ती पुरुषांच्या कुस्त्यांतही चाले. पण रीत पाहा. तो आला नाही तर बाईशी लढणं त्याच्या शानेला शोभत नाही म्हणून. आला आणि हरला तर तो नकली. खरोखर हरला असेल तर कुस्तीच तमाशा. ती चांगली होती, हे एक सोडून प्रत्येक कारण लोकांना सुचत होतं. आज कॉलेजच्या कोर्टावर मुलींच्या संघाकडून हरलेला मुलगा ‘मी नीट खेळलोच नाही, पोरींना लागंल म्हणून’ म्हणतो, तेव्हा मला हे कोल्हापूर आठवतं.

हमीदा पुढे कल्याणला राहिली. ती युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पहिलवानाने तिचे हात मोडले, असं तिच्या नातवाने बीबीसीला सांगितलं. दुधाचा धंदा, घरभाडं, आणि अखेरच्या काळात रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकणं, यांवर तिने दिवस काढले. १९८६ मध्ये ती गेली. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीची प्रतीक्षा बागडी जिंकली. अंतिम फेरीत तिच्यासमोर वैष्णवी पाटील होती, कल्याणचीच. यावेळी प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

क्रिकेटचं थोडक्यात. महिला गोलंदाज म्हणजे मंद चेंडू, असं समजणाऱ्यांनी मार्च २०२४ मधला शबनिम इस्माईलचा चेंडू आठवावा. मुंबई इंडियन्सकडून खेळताना दिल्लीत तिने ताशी १३२.१ किलोमीटर वेगाने तो टाकला. टेनिसच्या चेंडूवर वाढलेल्या डोळ्यांना या वेगाचा लेदरचा चेंडू दिसेपर्यंत यष्टीरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये गेलेला असतो.

या फुगलेल्या आत्मविश्वासाने मुलांचं फारसं बिघडत नाही. बिघडतं मुलींचं, आणि म्हणून मला हा विषय हलका वाटत नाही. तालुक्याच्या गावी कोर्ट बहुधा एकच, आणि संध्याकाळ मुलांची. ‘यांचा खेळ आपल्यापेक्षा कमीच’ हे एकदा ठरलं की त्यांना कोर्ट नंतर, नवा बॉल नंतर, दिवे नंतर. अंधार पडायच्या आत घरी यायचं असल्याने त्यांच्यासाठी तो नंतरचा वेळ येतच नाही. भारताच्या महिला बास्केटबॉल संघाने २०१७ मध्ये बंगळुरूत आशिया चषकाच्या ब गटात कझाकस्तानला ७५-७३ ने हरवून विजेतेपद मिळवलं. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरची सिया देवधर भारताकडून खेळली. आपल्या जिल्ह्यातली अशी मुलगी आज कुठल्या तरी शाळेच्या पटांगणात असेलही. तिला संध्याकाळी सहा ते सात कोर्ट हवं आहे. यासाठी निधीचीही गरज नाही, फक्त मुलांनी तो तास सोडायला हवा. त्याहून चांगलं म्हणजे, अमेरिकेतल्या त्या मुलांसारखं मुलींच्या सरावाला उभं राहायला हवं.

ज्यांना अजूनही वाटतं की हरवून टाकू, त्यांच्यासाठी एक कसोटी आहे. फ्री थ्रोची रेषा स्त्री-पुरुष दोघांनाही सारखीच, बोर्डापासून साधारण साडेचार मीटर. समोर कुणी अडवणारं नसतं, धावायचं नसतं, उडीचा आणि ताकदीचा प्रश्न नसतो. पुरुषाच्या शरीराला इथे काहीही जास्तीचं मिळत नाही आणि काही कमीही पडत नाही. डब्ल्यूएनबीएतल्या एलेना डेले डॉन हिने संपूर्ण कारकिर्दीत फ्री थ्रोपैकी जवळपास ९४ टक्के रिंगमध्ये टाकले. एनबीएच्या कुठल्याही पुरुषाला, करीलासुद्धा, तेवढं जमलेलं नाही. उद्या कोर्टवर शंभर फ्री थ्रो मारा. मोजायला मुलींच्या संघातली कुणीतरी बसवा, आणि आकडा कागदावर लिहा.