देवयजन

सोयगाव तालुक्यात, वाघोरा नदीच्या वळणावर अजिंठ्याचे सोळावे लेणे आहे. वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याने इसवी सनाच्या पाचव्या शतकात ते कोरवून बौद्ध संघास अर्पण केले. तेथील संस्कृत लेखात वाकाटकांची वंशावळ विंध्यशक्तीपासून दिली आहे. याच वंशातील पहिला प्रवरसेन हा थोर यज्वा होऊन गेला. वाशीम येथे १९३९ साली सापडलेल्या ताम्रपटात अग्निष्टोम, वाजपेय, बृहस्पतिसव आणि चार अश्वमेध त्याच्या नावे नमूद आहेत. सचिवाचे लेणे पंधराशे वर्षे उभे आहे. मग राजाच्या चार अश्वमेधांची भूमी कोठे गेली?

याचे उत्तर यज्ञविधीतच आहे. श्रौत यज्ञास मंदिर लागत नाही. लागते ते देवयजन, म्हणजे देवांच्या यजनास योग्य अशी भूमी. ती उंच, सपाट व भक्कम असावी, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे उतरती असावी, असे शतपथ ब्राह्मण सांगते. दक्षिण ही पितरांची दिशा. तिकडे उतार असल्यास यजमान लवकरच परलोकी जावयाचा! पण तेथेच याज्ञवल्क्याच्या तोंडी सत्ययज्ञाचे एक मत येते. ही सारी पृथ्वीच देवी आहे. यजुर्मंत्राने जेथे भूमी परिगृहीत करावी, तेथे देवयजन होते. पुढे तर ऋत्विज हेच देवयजन, असेही म्हटले आहे.

भूमी ठरली की दोरी येई. सोमयागाची महावेदी पूर्व-पश्चिम ३६ प्रक्रम लांब, पश्चिमेस ३० व पूर्वेस २४ प्रक्रम रुंद. तिचे काटकोन साधण्यास आपस्तंब १५, ३६ व ३९ या मापांचा त्रिकोण दोरीने आखावयास सांगतो. शुल्ब म्हणजे दोरीच. आपली भूमिती अशा रानातल्या आखणीतून वाढली, हे सहसा ध्यानी येत नाही. मंडप मात्र लाकडाचे व गवताचे. यज्ञ संपताच वेदीवरील दर्भ जाळीत, सोमरसाने माखलेली पात्रे अवभृथाच्या वेळी पाण्यात सोडीत.

विटांची चिती तेवढी मागे राही. देहरादूनजवळ जगतग्राम येथे १९५२ ते १९५४ या काळात झालेल्या उत्खननात शीलवर्मन् राजाच्या अश्वमेधाच्या लेखांकित विटा मिळाल्या. प्रवरसेनाच्या यज्ञांविषयी मात्र वाशीमच्या ताम्रपटात नावे आहेत, अश्वमेधांची संख्या आहे. स्थळ दिलेले नाही.