केफाला दिसला!

घरातलं मराठी बायबल उघडून प्रकाशकाचा पत्ता पाहा. बहुतेक वेळा तो बेंगळुरूचा निघेल: बायबल सोसायटी ऑफ इंडिया, महात्मा गांधी रस्ता. याच शहरात 1910 सालचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. तिथे नव्या कराराची ग्रीक शिकवतात. त्या ग्रीकमधलं एक इवलंसं क्रियापद मराठी माणसाला अगदी सोयऱ्यासारखं वाटावं: ‘ओफ्थे’.

करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 15. मेलेल्यांतून उठलेला येशू कोणाकोणाच्या दृष्टीस पडला, ते पत्र लिहिणारा पौल मोजून सांगतो. केफा म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग एकाच वेळी 500 हून अधिक बंधू, याकोब, सगळे प्रेषित, शेवटी पौल स्वतः. पाचव्या ते आठव्या वचनात ‘ओफ्थे’ चारदा येतं.

खरी मजा व्याकरणात आहे! रूप कर्मणी, म्हणजे ‘पाहिला गेला’. पण पाहणारा चतुर्थीत, ‘केफाला’. इंग्रजीची इथे ओढाताण होते: येशूला पाहिलं गेलं म्हणावं, की तो प्रकटला? मराठी म्हणते ‘केफाला दिसला’, आणि दोन्ही साधतात. आपलं ‘दिसणे’ आलंय संस्कृत ‘दृश्यते’वरून, तेही मुळात कर्मणीच. बेंगळुरूच्या कन्नडमध्येही ‘ननगे काणिसितु’, मला दिसलं!

पौलाच्या आधीच हे रूप शास्त्रात रुळलं होतं. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात मोशेची पुस्तकं हिब्रूतून ग्रीकमध्ये आली. उत्पत्ती 12:7 मध्ये परमेश्वर अब्रामाला दिसतो, तिथेही ‘ओफ्थे’. पुढाकार दिसणाऱ्याचा. आपण नाही का म्हणत, भक्त दर्शन घेतो, पण ते देतो देव?

ग्रीकपासून मराठीपर्यंतची ही वाट एका बाईने चालून दाखवली: मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं पंडिता रमाबाईंनी, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये. त्यांचा जन्म 1858 चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. कन्नडही त्यांना येत असे. 1922 मध्ये त्या गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये निघाला.

आणि ‘ओफ्थे’शी मराठीची सोयरीक नुसती व्याकरणाची नाही, रक्ताची आहे. ‘ओफ्थे’मधला धातू ‘ओप्’. चष्म्याच्या दुकानावरच्या पाटीतलं ‘ऑप्टिकल’ त्याच घरचं. संस्कृत ‘अक्षि’, म्हणजे डोळा, त्याचंच भावंड. त्या ‘अक्षि’पासून आपल्याकडे आले ‘प्रत्यक्ष’ आणि ‘साक्षी’. पौलाने त्या चार वचनांत नावं मांडली, तीही साक्षींचीच.