जिन्यावरचा दिवा कोणाचा?

मुंबईच्या गिरगांव, भायखळा, परळ, दादर अशा जुन्या वस्तींत ज्यांचें आयुष्य गेलें आहे, त्यांस चाळीचा जिना म्हणजे काय हें सांगावयास नको. लांकडी पायऱ्या मधोमध झिजून पन्हळीसारख्या झालेल्या, कठडा दोन ठिकाणीं सुतळीनें बांधलेला, आणि वळणावर दिव्याची जागा आहे पण दिवा नाहीं! आमच्या चाळीच्या जिन्यावरचा दिवा एका पावसाळ्यांत गेला, तो पुढें सात महिने लागला नाहीं. भाडें वसूल करावयास मेहताजी येत, त्यांना आम्ही सांगत असूं. ते म्हणत, ‘शेठना कळवितों.’ शेठ म्हणत, ‘भाडें देतां किती आणि मागतां किती?’ पहिल्या मजल्यावरची मंडळी म्हणत, दिवा दुसऱ्या मजल्याला लागतो. दुसऱ्या मजल्यावरची म्हणत, मग आम्हींच तो कां आणावा? आणि तीस वर्षें मुलांस नागरिकशास्त्र शिकविलेला मी शाळामास्तर खिशांत विजेरी ठेवून जिना चढत होतों.

शेवटीं शेजारच्या एक वृद्ध बाई त्या वळणावर पडल्या. कमरेचें हाड मोडलें, आणि त्या पुन्हां उभ्या राहिल्या नाहींत. दुसऱ्याच दिवशीं दिवा लागला. तो कोणीं लावला हें आजवर कळलें नाहीं.

श्रोतेहो, हा दिवा कोणाचा, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढें मांडणार आहें. भाडेकरूला विचारलें तर तो सांगतो कीं मालक कृपण आहे. मालकाला विचारलें तर तो सांगतो कीं भाडेकरू फुकटे आहेत. दोघांच्याहि बोलण्यांत थोडें थोडें सत्य आहे. पण सगळे मालक एकदम कृपण आणि सगळे भाडेकरू एकदम फुकटे झाले, असें कांहीं होत नसतें. ह्याचें मूळ माणसांच्या स्वभावापेक्षां व्यवस्थेंत शोधलें पाहिजे.

मुंबईंत गिरण्या वाढल्या, कोंकणांतून व देशावरून माणसें आलीं, आणि त्यांच्यासाठीं चाळी उभ्या राहिल्या. १८९६ सालीं प्लेग आला, तेव्हां ह्या दाट वस्तीची काळजी सरकारला वाटूं लागली व १८९८ सालीं इंप्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. परंतु बहुतेक चाळी खाजगी मालकांच्याच होत्या. मालकाला भाड्यांतून नफा होई, म्हणून तो कौलें चाळवी, रंग देई, जिन्यावर दिवा ठेवी. त्यांत उपकाराचा भाग नव्हता; खोली रिकामी राहूं नये एवढाच हेतु होता.

दुसऱ्या महायुद्धांत जागेची टंचाई झाली. भाडीं भडकूं नयेत म्हणून निर्बंध आले, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें साधारणपणें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच प्रमाण भाडें ठरलें. हा कायदा त्या वेळीं दयेचा होता ह्यांत शंका नाहीं. तो नसता तर माझ्या वडिलांसारखे शेंकडों कारकून बिऱ्हाड घेऊन रस्त्यावर आले असते. परंतु मोडलेल्या हाताला बांधलेली पट्टी हाड सांधल्यावर सोडावी लागते. ही पट्टी पन्नास वर्षें तशीच राहिली. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रमाण भाड्याच्या ह्या तरतुदी आतां वाजवी राहिल्या नाहींत असें सांगितलें. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला व तो ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. त्यानें मालकाला दरसाल ४ टक्के भाडेवाढ दिली.

आतां थोडें गणित करूं; मास्तराला तेवढी मुभा असावी. आमच्या खोलीचें मूळ भाडें दरमहा १२ रुपये. त्यावर दरसाल ४ टक्के चक्रवाढीनें धरले तरी पंचवीस वर्षांनीं होतात सुमारें ३२ रुपये. चाळीच्या चाळीस खोल्यांचें मिळून महिन्याचें १,२८० रुपये. एवढ्यांत एका सुताराची दोन दिवसांची मजुरीहि धड भागत नाहीं. मग मालकाचें लक्ष इमारतीवरून उडून जमिनीवर जातें. इमारत उभी असेपर्यंत त्याला कांहीं मिळत नाहीं. ती पडली तर जमीन मात्र सोन्याची आहे.

इकडे भाडेकरूनेंहि पागडी मोजलेली असते. ती देऊन तो अर्धा मालक झालेला असतो, पण कागदावर तो भाडेकरूच. म्हणून खोलीच्या आंतली फरशी तो संगमरवरी करतो आणि दाराबाहेरच्या गॅलरीला हात लावीत नाहीं.

ह्या दोन हातांत तिसरा हात आला तो सरकारचा. जुन्या इमारती पडूं लागल्या तेव्हां १९६९ च्या कायद्यानें दुरुस्ती मंडळ स्थापन झालें, शहर विभागांतल्या जुन्या इमारतींवर उपकर बसला, आणि पुढें १९७६ च्या कायद्यानें हें काम म्हाडाकडे गेलें. आरंभीं अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. हेतु चांगला होता. पण मालक म्हणूं लागला, दुरुस्ती मंडळानें करावी. भाडेकरू म्हणूं लागला, आम्हीं उपकर भरला आहे. आणि मंडळाच्या दाराशीं हजारों इमारतींची रांग लागली. मालकी एकाची, वापर दुसऱ्याचा, दुरुस्ती तिसऱ्याची! तिघांच्या ह्या वांटणींत दिवा कोणाच्याच वांट्याला आला नाहीं.

दिवा नसला तर डोळ्यांना दिसतें. पण इमारतीचा खरा शत्रु दिसत नाहीं, आणि तो म्हणजे पाणी. आमच्यासारख्या जुन्या चाळींत विटांच्या जाड भिंती व सागवानी तुळया असतात. तुळईचें टोंक भिंतींत शिरलेलें असतें. संडासाचा नळ फुटला किंवा मोरी झिरपूं लागली कीं भिंत ओली राहते आणि आंतलें टोंक कुजूं लागतें. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते. कुजतें तें नेमकें जेथें तिनें भार पेलावयाचा तेथें. लोखंडी तुळई असेल तर तिला गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा लागते, म्हणून तो फुगतो आणि भोंवतालचा चुना-सिमेंट फोडून काढतो. भेगेंत पिंपळाचें बी पडतें. लोक पिंपळाला नमस्कार करतात व पुढें जातात.

येथें मला माझ्या हातून घडलेलें एक पाप सांगितलें पाहिजे. घरांत लग्नाची मुलगी होती, सामाईक न्हाणीघर नकोसें झालें होतें. म्हणून मीं खोलीच्या कोपऱ्यांत मोरी बांधून घेतली. खालीं ओल झिरपूं नये म्हणून जो थर द्यावा लागतो, तो पैसे वांचविण्यासाठीं दिला नाहीं. आमच्या मजल्यावर अशा अकरा मोऱ्या झाल्या. पुढें एका श्रावणांत आमच्या मोरीखालच्या बिऱ्हाडाच्या छताचा पोपडा रात्रीं पाळण्याशेजारीं पडला. पाळणा हातभर इकडे असता तर काय झालें असतें, हा विचार मला आजहि झोपूं देत नाहीं. त्या दिवसापर्यंत ‘मालक नालायक आहे’ हें वाक्य मीं फार वेळां उच्चारलें होतें. त्यानंतर तें थोडें कमी उच्चारूं लागलों.

मग उपाय काय? कायद्यानें भाडेकरूच्या हातांत कांहीं साधनें दिलेलीं आहेत. तीं सुशिक्षित कुटुंबांनाहि ठाऊक नसतात. घर राहण्याजोगें ठेवणें हें मालकाचें कर्तव्य आहे. तो तें करीत नसेल तर भाडेकरूंनीं, एकट्यानें किंवा मिळून, त्याला निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी. तरीहि त्यानें वाजवी मुदतींत दुरुस्ती केली नाहीं, तर भाडेकरूंनीं ती स्वतः करावी व खर्च भाड्यांतून वळता करावा. मात्र एका वर्षांत वळती करावयाची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असूं नये. पाणी, वीज, जिन्यावरचे व बोळांतले दिवे, साफसफाई ह्या आवश्यक सोयी मालकाला वाजवी कारणाशिवाय तोडतां येत नाहींत. तोडल्यास लघुवाद न्यायालयांत दाद मागतां येते. भाड्याची पावती देणेंहि त्याच्यावर बंधनकारक आहे.

पुन्हां गणित करा. ३२ रुपयांच्या खोलीचें वर्षाचें भाडें ३८४ रुपये. त्याचा चतुर्थांश ९६ रुपये. एकट्याच्या ९६ रुपयांत एखादा दिवा येतो. चाळीस बिऱ्हाडें एकत्र झालीं तर ३,८४० रुपये होतात. त्यांत एखादा फुटका नळ बदलतो. तुळई मात्र त्यांतहि बदलत नाहीं. म्हणजे कायद्याचें हें साधन लहान दुखण्याचें औषध आहे. आणि लहान दुखणें वेळींच बरें केलें तर मोठें होत नाहीं, हेंच त्याचें महत्त्व.

छताच्या त्या प्रसंगानंतर आम्हीं एक वही घातली. कोठें काय बिघडलें, कोणत्या तारखेस कळविलें, उत्तर काय आलें, हें तींत लिहूं लागलों. तोंडी तक्रार बंद केली. चाळीस सह्यांचें पत्र पोंच घेऊन देऊं लागलों. प्रत्येक बिऱ्हाडानें महिन्याला ठराविक वर्गणी काढली. अकरा मोऱ्या उकरून पुन्हां नीट बांधल्या, त्यांत पहिली माझी. मेहताजींचें वागणें पालटलें असें मी म्हणणार नाहीं. पण वही पाहिल्यावर ते ‘मला कोणी सांगितलेंच नाहीं’ असें म्हणेनासे झाले.

मोठ्या दुखण्याला मात्र घरगुती औषध चालत नाहीं. मुंबईंत तीस वर्षांवरील इमारतीची तज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्याचा कायदा आहे. दरसाल पावसाळ्यापूर्वीं मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करतें. यादींत आपलें नांव आलें म्हणजे घर सोडणें फार कठीण जातें, हें मी जाणतों. संक्रमण शिबिरांत गेलेल्या कित्येकांचीं तेथेंच वर्षामागून वर्षें गेलीं. हक्क जाईल, मुलांची शाळा तुटेल, अशी भीति वाटते. परंतु १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याची आठवण काढणाऱ्यांनीं ३१ ऑगस्ट २०१७ हि तारीखहि विसरूं नये. त्या सकाळीं भेंडीबाजारांतील हुसैनी इमारत कोसळली. ती धोकादायक ठरलेली होती. कांहीं कुटुंबें आधींच दुसरीकडे गेलीं होतीं, कांहीं राहिलीं होतीं. तीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

ह्याच शहरांत १९१५ सालीं गांवदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. तिच्या मुळाशीं एक साधी कल्पना होती: जे राहतात त्यांनींच मालक व्हावें, त्यांनींच खर्च करावा, आणि हिशेब सर्वांपुढें ठेवावा. आजच्या गृहसंस्थांच्या नमुना नियमांतहि पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठीं दरसाल निधि बाजूस काढावा लागतो. तेथें भांडणें होत नाहींत असें नव्हे. पण दिवा कोणाचा ह्या प्रश्नाला तेथें उत्तर असतें.

आमच्या चाळीला तें उत्तर कायद्यानें दिलें नाहीं, मालकानें दिलें नाहीं, मंडळानेंहि अजून दिलेलें नाहीं. त्यांच्याकडे तें मागत राहिलेंच पाहिजे, आणि लेखी मागितलें पाहिजे. पण उत्तर येईपर्यंत जिन्यावरून म्हातारीं माणसें आणि लहान मुलें चढत-उतरत असतात. म्हणून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आम्हीं लिहून ठेवलें आहे कीं, दिवा गेलेला जो प्रथम पाहील, त्यानें तो त्याच रात्रीं लावावा आणि पैसे वर्गणींतून घ्यावे. गेल्या सहा वर्षांत आमचा जिना एकहि रात्र अंधारांत राहिलेला नाहीं. त्या वृद्ध बाईंच्या वेळीं एवढें सुचलें असतें, तर आज हें भाषण करण्याचें मला कारणच पडलें नसतें.